मास्तरांचा अंगठा आणि मी

मी एक स्टॉपवॉच बोलतोय. भिंतीवरच्या आणि मनगटावरच्या घड्याळांशी माझी गल्लत करू नका. ती मंडळी दिवसभर टिकटिक करत बसतात. माझं काम आटोपशीर असतं. कुणी बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. मधल्या दहा-बारा सेकंदांत एखाद्याच्या आयुष्याचं काहीच्या काही होऊन जातं, पण त्याबद्दल मला कधी कुणी एक शब्द विचारला नाही. बावीस वर्षं गप्प बसलो. आता उद्याचा दिवस डोक्यावर आलाय, म्हणून बोलतोय.

माझा जन्म कारखान्यात झाला. काळं प्लास्टिकचं अंग, डोक्यावर दोन बटणं, गळ्यात नाडी. खोक्यात भरण्याआधी एका बाईने माझं बटण दहा वेळा दाबून बघितलं आणि दहाही वेळा मी शतांशापर्यंत बरोबर निघालो. तिने 'ठीक' म्हणून शिक्का मारला. माझ्याबद्दल कुणी खात्रीने बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि ते आजही खरं आहे. माझ्यात खोट नाही. खोट कुठे होती ते पुढे सांगतो.

एका शाळेने मला विकत घेतलं आणि खेळाच्या मास्तरांच्या गळ्यात घातलं. मास्तर म्हणजे नियमाचा माणूस. पोरं त्यांना मागून 'कलम' म्हणायची. कलम अमुक, पोटकलम तमुक, हे त्यांच्या जिभेवरच असायचं. लांब उडीत नखभर पाय पुढे पडला की लाल झेंडा. पोरगं रडलं, आई भांडायला आली, हेडमास्तरांनी गळ घातली, तरी झेंडा खाली येत नसे. "नियम नको असतो त्याच दिवशी तो पाळायचा असतो. बाकीच्या दिवशी काय, कुणीही पाळतो," असं ते म्हणायचे.

शाळेच्या बाहेरही मोठ्या स्पर्धांना ते वेळ घ्यायला जायचे. तिथे त्यांचा एक जोडीदार होता, दवाखान्यातला कंपाउंडर. गोल, हसरा, सतत खिशात आल्याच्या वड्या. शेवटच्या रेषेशेजारी लोखंडी पायऱ्या मांडलेल्या असतात, त्यावर दोघं एकाखाली एक बसायचे. नव्याने आलेल्याला मास्तर पहिला धडा द्यायचे, की पिस्तुलाच्या आवाजावर बटण दाबायचं नाही, धुरावर दाबायचं. आवाज शंभर मीटर चालत येईपर्यंत पोरगी दोन पावलं पळालेली असते. आणि शेवटी डोकं बघायचं नाही, हात बघायचा नाही, छाती रेषेवर आली की दाबायचं.

मास्तरांचा अंगठा मला चांगला ठाऊक होता. कोरडा, टोकाशी चिरलेला, खडूच्या वासाचा. हजारो वेळा त्याने मला दाबलं असेल, आणि एकदाही तो अडखळला नव्हता. मला त्याचा अभिमान वाटायचा. हो, वाटायचा, लपवून काय करू.

मास्तरांची मुलगी अंगाने काटकुळी, म्हणून घरीदारी तिचं नाव सुतळी पडलं होतं. पण ती पळायला लागली की बघणारा घास हातात धरून थांबायचा. शाळा सुटल्यावर मास्तर तिला रिकाम्या मैदानावर पळवायचे आणि मी मोजायचो. तेरा आठ. तेरा दोन. बारा नऊ. घरी गेल्यावर तिची आई तिच्या पोटऱ्यांना तेल चोळायची आणि म्हणायची, "अहो, जरा बरं बोला की तिला. आकडे काय सांगता नुसते?" मास्तर म्हणायचे, "आकडा हेच बरं बोलणं."

सुतळी सोळा वर्षांची व्हायला आली त्या वर्षी सगळं एका धावेवर येऊन ठेपलं. दूरच्या शहरात खेळाडूंसाठी राहण्या-शिकण्याचं सरकारी केंद्र होतं. तिथे चांगले प्रशिक्षक, पोटभर सकस खाणं, कॉलेजपर्यंतचं शिक्षण, आणि पुढे नोकरीत राखीव जागा. आत जायला शंभर मीटर साडेबारा सेकंदांत पळायला हवं होतं. त्याहून एक दशांश जास्त लागला तर परत घरी. वयाची अट सोळाच्या आतली, म्हणजे तिला ही शेवटची संधी. सरावात ती दोनदा साडेबाराच्या आत आली होती.

त्या स्पर्धेला पहिल्यांदाच मशीन आलं. रेषेवर कॅमेरा, पिस्तुलाला वायर, खोलीत संगणक. मैदानामागच्या चहाच्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे, आता वशिला संपला, मशीनला काका-मामा नसतो. कुणी म्हणे, वीज गेली की कळेल मशीनचं शहाणपण. कंपाउंडर म्हणाला, "मला तर बाबा माणूसच बरा वाटतो. निदान चुकला तर त्याला लाज वाटते." मास्तरांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मशीन आलं ते उत्तम झालं. माझ्या मुलीची वेळ माझ्या हातात नको."

हे त्यांचं बोलणं मनापासूनचं होतं, मी त्यांच्या छातीवरच लटकत होतो.

मशीन आहे म्हटल्यावर खेळाच्या संघटनेच्या सेक्रेटरींनी हातावर मोजणारी माणसं कमी केली. एरवी धावण्याच्या एका पट्टीला तीन घड्याळं असतात आणि मधली वेळ धरतात. त्या दिवशी दोनच ठेवली, आपली नावाला. सुतळीच्या पट्टीला कंपाउंडर आणि मास्तर. कंपाउंडरने हळूच सांगून बघितलं, "मास्तर, एवढ्या धावेपुरते तुम्ही दुसऱ्या पट्टीला जा. पोरगी तुमची आहे."

"पोरगी माझी असली म्हणून अंगठा बदलतो का? आणि कुठल्या नियमात लिहिलंय तसं?"

"नियमात नाही हो. आपलं असंच."

"असंच म्हणजे काय? मी उठलो तर लोक म्हणतील, याचाच स्वतःवर भरवसा नाही."

कंपाउंडरने वडी तोंडात टाकली आणि विषय सोडला. तिथे त्याने हट्ट धरायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

पिस्तूल उडालं, धूर दिसला, मी सुरू झालो. मास्तरांचा अंगठा चोख पडला होता. आठ पोरी निघाल्या. सत्तर मीटरला सुतळी सगळ्यांच्या पुढे होती. तेवढ्यात मशीनच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "चालू झालंच नाही, वायर निघालीय." पायऱ्यांवर सगळ्यांनी ते ऐकलं. मास्तरांनीही ऐकलं. त्याच क्षणी त्यांना कळलं, की मुलीची वेळ त्यांच्याच हातात आलीय.

आता पुढचं मी जसं झालं तसं सांगतो. सुतळीची छाती रेषेवर आली. अंगठा माझ्या बटणावर उतरला. बटण अर्धं खाली गेलं, आणि अंगठा तिथेच थबकला. हजारो वेळांत पहिल्यांदा. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पुन्हा दाबला गेला, पण तेवढ्यात माझे सहा-सात शतांश पुढे सरकले होते. मी बारा पूर्णांक त्रेपन्नवर थांबलो.

कंपाउंडरचं घड्याळ बारा सत्तेचाळीसवर थांबलं होतं.

हाताच्या वेळेचा नियम असा, की शतांश वरच्या दशांशात ढकलायचे. म्हणजे त्याच्या घड्याळाचे साडेबारा, माझे बारा सहा. आणि घड्याळं दोनच असली तर जे जास्त वेळ दाखवतं ते धरायचं. तिसरं घड्याळ असतं तर मधली वेळ धरली असती. ते घरी ठेवलेलं होतं, कारण मशीन होतं ना.

कंपाउंडरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मास्तर, जरा परत बघा."

"बघायचं काय? घड्याळ समोर आहे."

"घड्याळ नाही म्हणत मी. तुम्ही."

मास्तरांनी कागदावर आकडा लिहिला, खाली सही केली. सेक्रेटरींनी पुन्हा धाव घ्यायचं सुचवलं, तर दुसऱ्या पोरींचे पालक खवळले, की आमच्या मुली दमल्यात, आणि नियमात हाताची वेळ चालते. चालतेच. मास्तरांनी स्वतः कलम काढून दाखवलं. सुतळी कमरेवर हात ठेवून उभी होती. पहिली आली होती ती, आणि घरी जायचं होतं.

संध्याकाळपर्यंत टपरीवर मास्तरांचा जयजयकार झाला. पोटच्या मुलीसाठीसुद्धा एक शतांश सोडला नाही, असा माणूस शोधून सापडणार नाही. संघटनेने पुढच्याच महिन्यात शाल दिली. मास्तरांनी ती घेतली. मला तेव्हा त्यांचा एवढा राग आला, की बॅटरी संपली असती तर बरं झालं असतं.

सत्कारानंतर एकटे असताना त्यांनी मला पुसायला घेतलं. माझ्यावर अजून त्रेपन्नच होतं, त्यांनी मिटवलं नव्हतं. स्वतःशीच पुटपुटले, "घाईने दाबतोय असं वाटलं मला. लोक म्हणाले असते, बापाने लवकर दाबलं." एवढंच. लबाडी करायची नव्हती त्यांना. लबाडी दिसू नये म्हणून ते सावध झाले, आणि त्या सावधपणाने पोरीचा घात केला. शून्यावर आणायचं बटण दाबून त्यांनी मला कपाटात ठेवलं. त्यानंतर ते कुठल्याच स्पर्धेत वेळ घ्यायला बसले नाहीत. कंपाउंडरही पुन्हा घरी आला नाही. सुतळीच्या आईने मास्तरांशी कामापुरतं बोलायचं ठेवलं, आणि ते ती जाईपर्यंत तसंच राहिलं.

सुतळीचं पळणं सुटलं. बारावीनंतर लग्न, मग नवऱ्याची साथ सुटली, मग मालाच्या एका मोठ्या गोदामात खोकी भरायचं काम. तिथे तिच्या मनगटाला एक यंत्र बांधतात. खोकं उचलायला ठरल्यापेक्षा दोन सेकंद जास्त लागली की ते कुरकुरतं, आणि दिवसात दहा वेळा कुरकुरलं की वरून विचारणा होते. गुडघे गेलेत तिचे. अडतिसाव्या वर्षी ती जिना कठड्याला धरून उतरते. ते मनगटावरचं यंत्र मी पाहिलंय. माझ्याच जातीचं आहे, पण त्याला माझ्यासारखी दोन बटणं असती तर किती बरं झालं असतं. त्याला बंद करणारं बटणच नाही.

मास्तरांना मागच्या वर्षी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. सुतळीने त्यांना स्वतःकडे आणलं, आणि त्यांच्या सामानातून मीही आलो. सुट्टीच्या एका दुपारी ती त्यांना चमच्याने पेज भरवत होती. त्यांनी तोंड फिरवलं आणि अडखळत म्हणाले, "ती वेळ. तुझी. बरोबर नव्हती."

मी शेल्फवर होतो. म्हटलं, बोला मास्तर, आता तरी मोकळे व्हा.

सुतळीने त्यांची हनुवटी पुसली. "बाबा, पुन्हा तेच का काढता? मशीन बंद पडलं, त्याला तुम्ही काय करणार? मागे मुकादमाने माझ्यावर चोरीचा आळ घेतला ना, तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं मी त्याला. म्हटलं, ज्याने पोटच्या पोरीला सहा शतांशांची सूट दिली नाही त्याची मुलगी आहे मी. गप्प झाला तो. माझ्याकडे दुसरं काय आहे, बाबा? तुमचा खरेपणाच तर आहे."

मास्तरांनी तोंड मिटलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तर तिला वाटलं पेज गरम लागली. तिने फुंकर घालून पुढचा चमचा भरवला. दीड महिन्याने ते गेले. त्यांनी सांगायला हवं होतं की नको होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सांगितलं असतं तर तिच्याजवळ जे एकच उरलं होतं तेही गेलं असतं.

मला वाटलं होतं, आता आपणही संपलो. पण परवा संघटनेची माणसं घरी आली. उद्या स्पर्धा आहे. मशीन नवं आहे, तरी जोडीला हातावर मोजणारी माणसं हवीत, आणि मिळत नाहीत. "मास्तरांची मुलगी बसली तर कुणाची बोट दाखवायची हिंमत होणार नाही," असं म्हणाले. सुतळी हरखली. बावीस वर्षांत तिला मैदानावर कुणी बोलावलं नव्हतं. तिने माझी बॅटरी बदलून आणली, नाडी धुतली आणि कालपासून सराव करतेय. धुरावर दाबायचं, छातीवर थांबवायचं. सगळं पाठ आहे तिला. अंगठाही बापासारखाच आहे, फक्त खोक्यांच्या चिकटपट्टीने सोललेला.

तिची मुलगी चौदा वर्षांची आहे. उद्या शंभर मीटरला तिसऱ्या पट्टीत ती पळणार आहे, आणि त्याच पट्टीची वेळ सुतळीकडे आलीय. शेजारीण म्हणाली, "अगं, दुसरी पट्टी मागून घे." सुतळी हसली. "कशाला? मी माझ्या बाबांसारखी बसेन. लेकीला एक शतांश सोडणार नाही."

आता ती मला उशाशी ठेवून निजलीय, मुलगी तिच्या कुशीत. मला तोंड असतं तर तिला उठवून सांगितलं असतं. नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्यापैकी कुणी उद्या त्या मैदानावर असाल, तर पायऱ्यांपाशी जा आणि तिला एवढंच म्हणा: बाई, उठ इथून. नाहीच उठलीस, तर लेकीची छाती रेषेवर आली की दाब. बाबांसारखी थांबू नकोस.