आपल्या सोयीच्या वेळेत

इंग्रजी वादविवाद स्पर्धा जिंकल्यापासून मी हवेतच होते. आधी वर्गात हजेरी द्यायलाही घाबरायचे आणि आता? आता मला कुणीही, कुठल्याही विषयावर उभं करावं! फक्त स्पर्धा संपली तसा आमचा चमू पांगला. जो तो आपापल्या क्लासला. संध्याकाळी घरात मी, पंखा आणि शेजारच्यांचा टीव्ही. आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात दुपारपाळीला असते. ती येते तेव्हा माझे डोळे मिटत असतात.

म्हणून मी तो ऑनलाइन कोर्स शोधून काढला. इंग्रजी लेखनाचा, पण कॉलेजात प्रबंध वगैरे लिहितात तसल्या भारदस्त लेखनाचा.

आई म्हणाली, "पहिला आठवडा फुकट आहे ना? बघ तुला मानवतोय का. मग सांग."

मानवतोय का? मी तर संध्याकाळची वाट बघायला लागले! कोर्सच्या मॅडम रोज थेट तास घ्यायच्या आणि जोड्या लावायच्या. एकीने परिच्छेद लिहायचा, दुसरीने तो मोठ्याने वाचून शंका काढायच्या. माझ्या जोडीला आल्या कवळ्या बनवणाऱ्या काकू. त्यांना परदेशी जाऊन पुढचं शिकायचं होतं. त्या कामावरूनच तासाला बसायच्या. मागच्या फळीवर दातांच्या ओळी मांडलेल्या, तोंडाशिवाय हसणाऱ्या. काकू माझी वाक्यं वाचायला लागल्या की घरात पाहुणे आल्यासारखं वाटायचं.

एकदा मी ठोकून दिलं : लहान कुटुंबातली माणसं एकमेकांशी जास्त बोलतात.

काकूंनी वाचलं. चष्मा वर सरकवला. "वकीलबाई, पुरावा?"

"आहे ना! आमचंच घर. आम्ही दोघीच."

"मग काल काय बोललात दोघी?"

"काल... आई म्हणाली, दूध तापव. मी म्हटलं, तापवलं."

"आणि?"

"परवाचं सांगू?"

"सांग की."

परवा आई उठायच्या आत मी शाळेत गेले होते.

"अगं, हा तर तुझ्यावरच उलटला!" काकू खो खो हसल्या. मीही हसले, जरा जास्तच मोठ्याने. मग नेट गेल्याचं नाटक करून कॅमेरा बंद केला.

आठवड्याच्या शेवटी मॅडमनी सांगितलं, जोड्या फक्त ओळखीपुरत्या होत्या. पुढचे सगळे धडे रेकॉर्ड केलेले, आपल्या सोयीच्या वेळेत बघायचे. लिहिलेलं तपासून परत मिळेल.

"सुटले बाई!" काकू म्हणाल्या. "रोज ह्या वेळेला बसले की मालक डोळे वटारतो. आता जेवणाच्या सुट्टीत बघीन. मी नाव घालतेय. तू?"

"बघते."

"बघते काय? तुझ्याइतकं बेधडक कोण लिहितं इथे?"

ते खरंच होतं. सोयीचा वेळ तर माझ्याकडे पोत्याने पडला होता! मी नमुन्याचा धडा लावला. एक सर छान हसत शिकवत होते. मधेच थांबून म्हणाले, "काही शंका?"

"आहे," मी म्हटलं.

"उत्तम," म्हणाले आणि पुढे गेले.

मी लॅपटॉप मिटला आणि आईला फोन लावला. मागे यंत्रं घरघरत होती.

"काय ठरलं?"

"नको."

"का गं? अवघड होतं?"

"छे! सोप्पं होतं. पण पुढचं सगळं एकटीनं करायचंय. आणि एकटीनं राहून राहून मला कंटाळा आलाय, आई."

हे असं म्हणेन असं मला वाटलं नव्हतं.

तिकडून कुणीतरी ओरडलं, "चादरी कुठायत?" आई "आले" म्हणाली, पण फोन ठेवला नाही.

"जेवलीस?"

"अजून नाही."

"वाढून घे. फोन मी खिशात टाकते. बंद नको करूस."

मी ताट वाढून घेतलं आणि धुलाईघराची घरघर ऐकत जेवले. मधे एकदा आईचा आवाज आला. मी घास हातात धरून थांबले, पण ती दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होती.