उजवा पाय

घोडी दुडक्या चालीने धावू लागली तशी बाईंनी घाबरून उजवा पाय दाबला, आणि घोडी आणखी जोरात पळाली.

"काकू, पाय! टाच लावताय तुम्ही!" मैदानाच्या मधोमध लांब दोर धरून उभी असलेली शिक्षिका ओरडली.

"मी कुठे लावतेय? मी थांबवतेय!"

बाई मोटार शिकवायच्या. बावीस वर्षं त्या शिकणाऱ्याच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या बाजूला फक्त एक जादा ब्रेक, बाकी सगळं दुसऱ्याच्या हातात. भीती वाटली की पाय आपोआप दाबला जायचा. इथे रिकिबीत तो दाबला की टाच उचलून घोडीच्या कुशीत रुतायची, आणि घोडी त्याचा अर्थ 'चल' असा घ्यायची.

सात वर्षांच्या असताना बाई शिवणयंत्राच्या खोक्याचा घोडा करून गावंच्या गावं पालथी घालत. त्या घोड्याला दोर नव्हता. आजचा दहावा वर्ग शेवटचा. पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन, त्यानंतर घोडा कायमचा बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तीनदा नीट थांबवल्याशिवाय दोर काढणार नाही, असं शिक्षिकेने. नऊ वर्गांत एकदाही जमलं नव्हतं. हजारभर लोकांना थांबायला शिकवलं आणि एक म्हातारी घोडी ऐकेना, या विचाराने बाईंचा नुसता चडफडाट होत होता.

"हौसेला मोल नसतं, पण हाडांना असतं हं!" कुंपणापाशी पाण्याची बाटली कवटाळून उभे असलेले बाईंचे यजमान म्हणाले.

"अहो, तुम्ही जरा गप्प बसा!"

शिक्षिका जवळ आली. "पायाने काहीच करू नका. श्वास सोडा आणि जड होऊन बसा."

काहीच न करणं बाईंना जन्मात जमलं नव्हतं. पुढच्या फेरीत त्यांनी दात आवळले, मग तेही सोडले. श्वास बाहेर टाकला. घोडी थांबली. बाईंना खरंच वाटेना. दुसऱ्यांदाही थांबली, तिसऱ्यांदाही.

शिक्षिकेने दोर काढून घेतला.

मोकळी घोडी निघाली. पलीकडच्या वळणावर कुठेतरी पत्रा वाजला, बाई दचकल्या, पाय दाबला गेला आणि घोडी चौखूर उधळली. गुडघ्यातून कळ आली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"अगं, थांबव! थांबव तिला!" यजमान एक पाय कुंपणावर टाकून ओरडत होते.

बाईंनी श्वास सोडला. लगेच घोडीचा वेग उतरला. एक कान मागे वळला. आणखी एक श्वास आणि ती उभी राहिली असती. मग उतरायचं, पाणी प्यायचं, गाडीत बसून घरी जायचं, आणि घोडा कायमचा बंद.

"थांबतच नाहीये हो!" बाई ओरडल्या, आणि त्यांनी उजवा पाय दाबला.