डोकेदुखीवाले

"डोकेदुखीवाले, इकडे या!"

दवाखान्याच्या शिपाईमावशींनी दाराशी उभं राहून हाक दिली, तशा बाकावरच्या दोन आया मुलांना घेऊन लगबगीनं उठल्या. आत मुलांच्या मनाचे डॉक्टर बसत, आठवड्यातून एकच सकाळ. पण मनाचे डॉक्टर म्हटलं की चारचौघांत कुणी उठत नसे, म्हणून मावशींनीच हा शब्द काढला होता. त्या शब्दाच्या आडोशानं कितीतरी मुलं आत गेली होती. मावशींना त्याचा थोडा अभिमानही असावा.

आज कोपऱ्यात एक शाळकरी मुलगी वडिलांशेजारी बसली होती. बरेच दिवस तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, जेवणावरची वासना उडाली होती.

मावशी वाकून हळूच म्हणाल्या, "डोकेदुखी ना? चला, तुमचा नंबर."

मुलगी ताडकन उठली आणि थेट जिन्याकडे चालू लागली. मावशी गुडघे सांभाळत मागे धावल्या.

"अगं, कुठं निघालीस? बारा वाजले की डॉक्टरांना खुर्ची टोचायला लागते. मग आठवडाभर दर्शन नाही."

"घरी बाबा मला हेच म्हणतात. 'डोकेदुखी आहे नुसती.' तुम्हालाही सांगितलं त्यांनी?"

"नाही गं बाई! मी सगळ्यांनाच तसं म्हणते."

"सगळ्यांनाच?"

मावशी पायरीवर टेकल्या. "आईबापांना लाज वाटू नये म्हणून गं."

"आणि आम्हाला?"

मावशी म्हणाल्या, "मग काय म्हणू? तूच सांग."

"जे आहे ते म्हणा."

"आणि कुणी उठलंच नाही तर?"

मुलीनं जिन्याचा कठडा धरला. ती खाली मात्र उतरली नाही.

मावशी दाराशी परत आल्या. एवढ्या वर्षांची हाक आज बदलायची होती.

"मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे कोण आहे?"

बाकांवरची कुजबुज थांबली. एका बाईनं वाजत नसलेला फोन कानाला लावला. मुलीच्या वडिलांनी मान खाली घातली. त्यांच्या ऑफिसातला एकजण मुलाचा खोकला दाखवायला आलेला, समोरच बसला होता.

मग ते उठले.

"आम्ही आहोत. माझी मुलगी."

त्यांनी जिन्याकडे पाहिलं. ती कठड्याला धरून उभी होती. त्यांनी तिला हाक मारली नाही, घाईही केली नाही. सगळे बघत असताना ती येईपर्यंत ते तसेच उभे राहिले.