तिसरी टकटक

आमच्या ह्यांनी नऊ वर्षं एका फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम केलं. मग एका सोमवारी कंपनीने ती बंदच करून टाकली. सगळ्यांची पांगापांग झाली.

त्या सिस्टीमचा गजर ह्यांनी केलेला. मी दचकून उठते म्हणून. मला टेबलावर बोटाने तीनदा टकटक करायला लावलं आणि तेच रेकॉर्ड केलं. शेजारी ऐकतील या संकोचाने तिसऱ्या वेळी मी जराशी थबकले. तेवढी चूक काढा, असं टीमने सांगून पाहिलं. हे म्हणाले, "माणूस असंच उठवतो." ती चूक तशीच लाखो फोनांत गेली.

पुढे काही वर्षांनी एका दुपारी जुन्या टीमचं जेवण होतं. आपलं काही उरलंच नाही तर कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून ह्यांचं महिनाभर जाऊ की नको चाललेलं. त्या सकाळी लेकीच्या नव्याकोऱ्या, दुसऱ्याच कंपनीच्या फोनचा गजर वाजला आणि हे तोंडात फेस तसाच घेऊन माझ्याकडे धावत आले.

"अगं, ऐक! तिसरी मागे पडते की नाही?"

माझं जपाचं मौन चालू होतं. रोज तासभर, चौदा वर्षांत मोडलेलं नाही.

लेक मागोमाग आली. "बाबा, हा काचेचा आवाज आहे. तुमचा लाकडाचा होता."

"आवाज बदललाय गं. चाल तीच आहे."

"तुमचं आपलं दिसला फोन की माझा! उद्या लिफ्टची घंटाही तुमचीच म्हणाल."

हे हसले नाहीत. "तुझी आई सांगेल. बोट तिचं आहे." फोन माझ्या कानाशी धरला.

टक, टक... आणि मी थबकले होते तेवढाच थांबा. अंगावर काटा आला. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मौन जिभेचं, मानेचं थोडंच असतं? दूध उतू जाताना मी चुटक्या वाजवल्या आहेत की. पण वाटलं, तास पुरा होऊ दे, मग नीट शब्दांत सांगू. मी डोळे मिटले.

ह्यांनी जरा वाट पाहिली. "नसेल," म्हणाले.

जप संपवून उठले तेव्हा हे फोनवर बोलत होते. "नाही रे, आज दुपारी जमायचं नाही. आता काय उरलंय त्यातलं?"

फोन ठेवल्याबरोबर मी म्हटलं, "अहो, माझंच बोट आहे ते. अगदी तेच."

"बरं," म्हणून ह्यांनी माझा खांदा थोपटला. लहान मूल समजूत घालायला आलं की थोपटतात, तसा.

"देवाशप्पथ," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा शपथ घेतली.

"अगं, माझ्यासाठी देवाला कशाला मध्ये घालतेस," म्हणाले, आणि दाढी करायला गेले.