काखेतून आणलेलं पित्त
बाईंच्या नजरेबद्दल आजवर कुणी ब्र काढला नव्हता. पित्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरलेत का ते सांगायचं, एकवीस वर्षं हेच काम. आणि परवा आलेले डॉक्टर अख्ख्या प्रयोगशाळेसमोर म्हणतात, "बाई, तुम्ही नळ्यांची अदलाबदल केलीत!"

झालं होतं असं. पित्ताशयात खडे असलेल्या काही रुग्णांना ऑपरेशनआधी सहा आठवडे पित्ताम्लाची कॅप्सूल दिली होती. तिच्यामुळे पित्तातलं कोलेस्टेरॉल कमी होतं. एरवी नळी उबेत ठेवल्यावर दोन-तीन दिवसांत दिसणारे स्फटिक मग दहा-बारा दिवस दिसू नयेत. ते दुसऱ्याच दिवशी दिसले. म्हणजे कॅप्सूल कुचकामी, नाहीतर बाई. डॉक्टरांनी बाईंना धरलं, कॅप्सूल न घेतलेल्यांच्या नळ्या यांच्या जागी लावल्या म्हणून.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्याकडून अदलाबदल? तुमच्या नव्या बर्फाच्या डब्यानं घात केलाय, डॉक्टर!"

"नमुने बर्फातच आणतात, बाई."

"रक्त आणा की खुशाल! पित्त गारठलं की स्फटिक धरतं. मी स्वेटरच्या आत काखेत धरून आणायचे, तेव्हा हसत होता सगळे. आता दाखवतेच. चुकले तर नोकरी सोडते."

बोलून बसल्या खऱ्या.

कॅप्सूल घेतलेल्या पुढच्या रुग्णाच्या वेळी बाई स्वतः ऑपरेशन थिएटरच्या दारात उभ्या राहिल्या. एकाच पित्ताच्या दोन नळ्या केल्या. एक डॉक्टरांच्या डब्यातून गेली, दुसरी बाईंच्या काखेतून, दोन जिने उतरून. मग दोन्ही अंगाइतक्या उबदार पेटीत शेजारी शेजारी ठेवल्या.

बर्फातून आलेल्या नळीत दुसऱ्या दिवशी स्फटिक चमकले. काखेतली स्वच्छ. पाचव्या दिवशी स्वच्छ. नवव्या दिवशी बाईंना जेवण गोड लागेना, पण नळी स्वच्छच. बाराव्या दिवशी डॉक्टर स्वतः सूक्ष्मदर्शकावर वाकले ते बराच वेळ उठेचनात.

"एकही नाही," ते शेवटी म्हणाले. "कॅप्सूल काम करतेय. बाई, चूक माझीच होती." हेही अख्ख्या प्रयोगशाळेसमोर.

"कबूल करायला बारा दिवस?" बाई म्हणाल्या. "तुम्हीपण कॅप्सूल घेताय की काय?"

हशा पिकला. डॉक्टरही हसले. बाईंना मात्र हसू फुटेना, ऊर इतका भरून आला होता. त्यांनी मान ताठ केली आणि पुढच्या रुग्णाची नळी हातात घेतली.