एकातच गेलं का?

मी बोलतेय ती जिन्याखालच्या पोलादी कपाटातून. रायफल आहे मी. दचकू नका, कपाटाला दोन कुलुपं आहेत आणि माझ्या पोटात काही नाही. गोळ्यांचा डबा वेगळ्या कुलपात असतो, इथली रीतच तशी आहे.

माझा जन्म फिनलंडमधला. तिथल्या कारखान्यात माझी नळी घडवली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला आणि मला इंग्लंडला धाडलं. नॉटिंगहॅमजवळच्या एका शेतकऱ्याने मला घेतलं. म्हातारा कंजूष होता, पण माझी नळी साफ केल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. त्याची नजर अधू झाली, तेव्हा त्याने मला ग्रॅहमच्या बंदुकीच्या दुकानात ठेवलं आणि मागे वळूनही न बघता निघून गेला. वाईट वाटलं मला.

तिथून मला उचललं कल्याणीने. नागपूरची पोर, वनशास्त्र शिकून इकडे आलेली. एका वनसंस्थेत हरणांची संख्या आटोक्यात ठेवायची, ही तिची नोकरी. ऐकायला विचित्र वाटेल, पण या देशातले लांडगे कधीच संपले. हरणं बेसुमार वाढतात, ओकची कोवळी रोपं बुडख्यापर्यंत खातात आणि हिवाळ्यात स्वतःच उपाशी मरतात. म्हणून परवाना असलेली माणसं ठरलेल्या मोसमात काही हरणं मारतात.

हे तिच्या आईच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. सिंधुबाई दर हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर येतात, थंडीच्या नावाने बोटं मोडत. सकाळी उठून बुद्धमूर्तीसमोर पंचशील म्हणतात, त्यातलं पहिलं शील जीवहत्या न करण्याचं.

"पहिलंच शील मोडून घरी येतेस आणि माझ्या हातचा वरणभात खातेस," त्या म्हणाल्या होत्या.

"आई, अगं, हा जॉब आहे माझा. कुणीतरी करायलाच पाहिजे."

सिंधुबाई म्हणाल्या, "मग एक कर. एकातच जाऊ दे, एका गोळीत. त्याला कळूसुद्धा नको."

"प्रॉमिस, आई."

तेव्हापासून कल्याणी दारात बूट काढायला बसली की स्वयंपाकघरातून प्रश्न यायचा, "एकातच गेलं का गं?" आणि ती म्हणायची, "हो आई, एकातच." मग भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. त्या उत्तराचा मला फार अभिमान होता. अर्धा वाटा माझा होता ना त्यात!

आता माझी एक खोड सांगते. माझ्यावरची नेम धरायची दुर्बीण एका ठरावीक बनावटीच्या, ठरावीक वजनाच्या गोळीला जुळवलेली असते. गोळी बदलली की माझा नेम भलतीकडेच जातो. म्हणून नवी गोळी आली की आधी कागदावर मारून बघतात, आणि एक नाही, तीन. एखादी गोळी चुकूनही बरोबर बसते. तिन्ही एका जागी बसल्या, तरच खरं मानायचं.

मग पूर्वेकडे युद्ध पेटलं आणि पेटलेलंच राहिलं. ग्रॅहमच्या दुकानातली फळी रिकामी झाली.

"सगळी बारूद तोफांना चाललीय, डक," तो कल्याणीला म्हणाला. नॉटिंगहॅमची माणसं प्रेमाने कुणालाही डक म्हणतात. "कारखाने तेच, मशिनं तीच. आधी सैन्याची ऑर्डर, मग आपण."

"माझी नेहमीची कधी येईल?"

"देव जाणे. ही दुसरी बघ, जरा जड आहे. माणशी एकच डबा देतोय."

घरी तो डबा टेबलावर ठेवून कल्याणी नुसती बघत बसली. तिचा नवरा संघर्ष आयटीवाला, त्याला बंदुकीतलं शष्प कळत नाही. तरी त्याने विचारलं, "टेस्ट करून घेशील ना? ते तीन शॉट्स?"

"अख्ख्या सीझनला एवढाच बॉक्स आहे, संघर्ष. तीन वेस्ट केल्या तर शेवटी काय करू? एक मारून बघते."

तिने एकच मारली, आणि ती बरोबर मधोमध बसली. कल्याणी खुश झाली. मला मात्र धडकी भरली, कारण वाऱ्याची एक झुळूक आणि तिचा जरासा हललेला खांदा, या दोन चुकांनी एकमेकींना सावरून घेतलं होतं. मला तिला ओरडून सांगायचं होतं. पण चाप ओढल्याशिवाय मला बोलता येत नाही.

जानेवारीतली सकाळ होती, गवतावर हिम साचलं होतं. रानाच्या कडेला एक हरिणी आडवी उभी राहिली. कल्याणीने श्वास सोडला, चाप ओढला. गोळी खाली गेली. हरिणीचा पुढचा पाय मोडला आणि ती तीन पायांवर झाडीत पळाली.

कल्याणी रक्ताच्या थेंबांमागे चालत राहिली. थेंब हरवायचे, ती गुडघ्यांवर बसून शोधायची, पुन्हा उठायची. मी तिच्या खांद्यावर होते, तिचं हुंदके गिळणं मला ऐकू येत होतं. ऊन वर आलं तेव्हा एका चरात हरिणी सापडली. जिवंत होती. तोंडातून वाफ येत होती आणि ती आमच्याकडेच बघत होती.

दुसरी गोळी जवळून होती. ती चुकली नाही.

घरी आल्यावर कल्याणी दारात बूट काढायला बसली. आतून नेहमीचा प्रश्न आला. ती बुटाची नाडीच सोडत राहिली, तशा सिंधुबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"दोन लागल्या, आई."

सिंधुबाईंनी लेकीकडे पाहिलं. "त्याला कळलं का गं?"

"कळलं. खूप वेळ कळत होतं."

सिंधुबाई आत गेल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. मला पुसून इथे ठेवलं, ते अजून काढलेलं नाही. नेहमीच्या गोळ्या आल्यात म्हणून ग्रॅहमचा फोन येऊन गेला. कल्याणी गेली नाही. तिकडे ओकची रोपं संपत चाललीत.

तिच्यावर माझा राग नाही. पुन्हा कधी बाहेर काढलंत, तर आधी मला कागदावर तीनदा बोलू द्या, एवढंच मागणं आहे.

आणि एक विचार अंधारात सारखा छळतो. माझ्या गोळ्यांच्या बहिणी पेट्या भरभरून युद्धावर चालल्यात. तिथून परतणारे सैनिकही कुठल्यातरी घराच्या दारात बसून बूट काढत असतील. त्यांच्या आया आतून काय विचारत असतील?