शंभरात एकशे दोन

मी सेटर बोलतोय. लातुरातल्या एका कोचिंग क्लासच्या प्रोग्रॅममध्ये माझा मुक्काम. काम एकच. ते मी कुणाचीही भीड न ठेवता करतो.

मला इथल्या प्रोग्रॅमर मनस्विनीने लिहिले. प्रोग्रॅममध्ये विद्यार्थ्याचा एक साचा आहे, त्यालाही क्लासच म्हणतात. त्यात प्रत्येकाचे गुण आत बंद. पाहायचे तर गेटर दाखवतो. बदलायचे तर माझ्याकडून जावे लागते. शून्याच्या खाली, शंभराच्या वर मी काही घेत नाही.

गैरहजर पोरापुढे ९९९ टाकायची इथल्या ऑफिसची जुनी खोड. तो आकडा मी परत पाठवायचो, मग प्रोग्रॅम त्या पोराला गैरहजर धरायचा.

एकदा पेपरात एक प्रश्न चुकला. मालक शेषेराव सरांनी सगळ्यांना चार गुण बोनस दिले. जळकोटच्या सृष्टीला अठ्ठ्याण्णव होते. मी एकशे दोन नाकारले.

सर भडकले. "मी मालक! हा कोण न्हाई म्हणणारा?"

"सर, शंभरात एकशे दोन कसे बसतील?" मनस्विनी म्हणाली.

"लातुरात बसतेत! काढ त्याला मधून."

मनस्विनीने गुण उघडे केले. आता कोणीही थेट आत. मला कोणी विचारीना.

निकाल लागला. पहिला आला मन्मथ. आकडे कोणी पाहिलेच नाहीत, फोटो तेवढा फ्लेक्सवर गेला.

मुखेडहून त्याचे वडील ईश्वरप्पा पेढे घेऊन आले. "सर, पोरगं पेपरच्या दिवशी मामाच्या लग्नात पंगतीला वाढायलं होतं. पेपर न देता पैलं आलं. दिला असता तर?"

सरांनी पेढा खाली ठेवून यादी पाहिली: मन्मथपुढे ९९९.

दारात सृष्टी उभी होती, हातात वळकटी. होस्टेलची मोफत खोली पहिल्या नंबरालाच मिळे. "सर, मी जाऊ का गावाकडं? दुपारची यष्टी हाय."

"थांब, बाई!" सर मनस्विनीकडे वळले. "गुण बंद कर. लाव तुझा तो दरवान परत." मग जरा हळू, "सृष्टीचे शंभर तरी घेईल का तो?"

"घेईल."

मी घेतले. मन्मथचे नऊशे नव्याण्णव परत पाठवले. सृष्टी पहिली आली. वळकटी खोलीत गेली.

सर अजून मला शिव्या देतात. देऊ देत. तुमच्याही प्रोग्रॅममध्ये माझ्यासारखा कोणी अडून बसला, तर त्याला उपटू नका. आधी आपला आकडा बघा.